घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटर: व्हीएफडी निवडण्यापासून चालवण्यापर्यंत

दोन अश्वशक्तीची थ्री फेज मोटर लावलेला लेथ किंवा कडबाकुट्टी चांगल्या भावात मिळते आणि शेडमध्ये वीज मात्र सिंगल फेज असते. अशा वेळी बाजारात तीन सल्ले मिळतात: कंडेन्सर लावा, मोटर बदला किंवा ड्राइव्ह घ्या. कंडेन्सरवर (म्हणजे कपॅसिटरवर) मोटर फिरते, पण तो एका ठरावीक लोडलाच नीट जुळतो. लोड कमी-जास्त झाला की तिन्ही वाइंडिंगमधला करंट असमान होतो, मोटर तापते आणि तिच्या नेमप्लेटवरच्या ताकदीपैकी दोन-तृतीयांशच्या आसपासच हाती लागते. मोटर बदलणे सरळ आहे, पण वेग कमी-जास्त करता येत नाही. ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी (मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलून तिचा वेग बदलणारे उपकरण), हे बहुतेक वेळा योग्य उत्तर असते. मात्र मोटरची नेमप्लेट न वाचता घेतलेला ड्राइव्ह पडून राहतो. असे का होते ते कळायला ड्राइव्हच्या पोटात काय चालते ते आधी पाहू.

३२५ व्होल्टचा हिशेब

व्हीएफडीमध्ये वीज दोनदा बदलते: एसीची डीसी होते आणि त्या डीसीची पुन्हा एसी.

पहिल्या टप्प्यात चार डायोडचा ब्रिज असतो. घरातली २३० व्होल्ट ही एसीची आरएमएस, म्हणजे परिणामी किंमत. लाटेचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ३२५ व्होल्ट असते. डायोडच्या पुढे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात आणि ते या शिखरापर्यंत भरतात. हाच डीसी बस. पाण्याच्या टाकीसारखे त्याचे काम असते: वरून दर १० मिलिसेकंदांनी एकदा भरायचे आणि खालून सतत काढायचे. रिकामे कपॅसिटर थेट लाइनवर टाकले तर पहिल्याच क्षणी प्रचंड करंट ओढतील, म्हणून सुरुवातीला ते एका रेझिस्टरमधून भरले जातात आणि भरल्यावर एक रिले तो रेझिस्टर शॉर्ट करतो. वीज दिल्यावर ड्राइव्हमधून जो 'टक्' आवाज येतो तो या रिलेचा.

दुसऱ्या टप्प्यात सहा आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, प्रत्येक फेजला दोन. वरचा चालू झाला की फेजची तार डीसीच्या पॉझिटिव्हला लागते आणि खालचा चालू झाला की निगेटिव्हला. हे स्विच सेकंदाला काही हजार वेळा उघडझाप करतात. या उघडझापीचा वेग, म्हणजे करिअर फ्रिक्वेन्सी, ४ किलोहर्ट्झ ठेवली तर ५० हर्ट्झच्या एका अर्ध्या लाटेत सुमारे ४० पल्स बसतात. मधले पल्स रुंद, कडेचे अरुंद. मोटरच्या वाइंडिंगचा इंडक्टन्स या पल्सची सरासरी काढतो, त्यामुळे करंट जवळपास साइन लाटेसारखा वाहतो. तिन्ही फेजचे पल्स १२० अंशांनी मागेपुढे ठेवले की थ्री फेज तयार. एका फेजचे वरचे आणि खालचे आयजीबीटी चुकूनही एकत्र चालू झाले तर डीसी बसच शॉर्ट होतो, म्हणून एक बंद करून दुसरा चालू करताना मायक्रोसेकंदांचे अंतर सोडलेले असते.

या रचनेतून पुढचे सगळे निघते. बसमध्ये ३२५ व्होल्ट आहेत, म्हणजे बाहेर जास्तीत जास्त २३० व्होल्ट थ्री फेज मिळणार. साधा ड्राइव्ह फेज तीन करतो, फ्रिक्वेन्सी बदलतो, पण ४१५ व्होल्ट बनवत नाही. त्यासाठी बस ५८७ व्होल्टचा लागतो आणि तो थ्री फेज लाइनवरच आपोआप मिळतो.

एसी-डीसी-एसी ही साखळी लहानमोठ्या सगळ्या कन्व्हर्टरमध्ये दिसते. मोबाइलच्या चार्जरमध्ये तोच डायोड ब्रिज आणि तोच ३२५ व्होल्टचा कपॅसिटर असतो, फक्त पुढे लहान ट्रान्सफॉर्मरमधून ५ व्होल्ट काढतात. छतावरच्या सोलर इन्व्हर्टरमध्ये पहिला टप्पा पॅनेल सांभाळतात. मुंबईच्या लोकलच्या डोक्यावरची वीज पूर्वी १,५०० व्होल्ट डीसी होती, आता २५ हजार व्होल्ट एसी आहे. गाडीतला ट्रान्सफॉर्मर ती उतरवतो, कन्व्हर्टर डीसी करतो, इन्व्हर्टर थ्री फेज मोटरना हवी ती फ्रिक्वेन्सी देतो आणि ब्रेक लावताना तीच वीज उलट तारेत जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या वीज केंद्रात तर दोन्ही टप्पे एकाच आवारात आहेत. पश्चिम आणि दक्षिण भारताच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी जुळत नव्हती त्या काळात एका बाजूची एसी डीसी करून लगेच दुसऱ्या बाजूची एसी केली जाई, एक हजार मेगावॅटपर्यंत. चंद्रपूर ते पडघे या मार्गात मात्र दोन टप्प्यांच्या मध्ये ७५२ किलोमीटरची ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन आहे. तिथे आयजीबीटीऐवजी थायरिस्टर, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे इलेक्ट्रॉनिक स्विच आहेत.

नेमप्लेट वाचा, मग झाकण उघडा

मोटरवर व्होल्टेजच्या रकान्यात काय लिहिले आहे आणि जोडणी स्टार (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोके एका बिंदूत बांधलेली) आहे की डेल्टा (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेल्या), या दोन गोष्टी पाहायच्या.

भारतात साधारण २ अश्वशक्तीपर्यंतच्या बऱ्याच मोटरी ४१५ व्होल्ट स्टार असतात. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर ४१५ भागिले १.७३, म्हणजे २४० व्होल्ट येतात. तीच वाइंडिंग डेल्टात जोडली तर तिला २३०-२४० व्होल्टच लागतात आणि आपल्या ड्राइव्हमधून तेवढेच निघतात. जुळले! ३ अश्वशक्तीपासून पुढे मात्र बहुतेक मोटरी ४१५ व्होल्ट डेल्टा असतात. त्यांच्या प्रत्येक वाइंडिंगला पूर्ण ४१५ व्होल्ट हवे असतात, त्यामुळे २३० व्होल्टवर त्या फिरतील पण जोर एक-तृतीयांशाच्या आसपास उरेल. तीन अश्वशक्तीला कंपनीप्रमाणे फरक पडतो, म्हणून अंदाजाने काही ठरवू नका.

टर्मिनल बॉक्स उघडल्यावर सहा टर्मिनल दिसायला हवीत. वरच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि खालच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२. खालच्या तिन्हींवर एक आडवी पितळी पट्टी असेल तर मोटर स्टारमध्ये आहे. डेल्टा करायला ती काढायची आणि तीन पट्ट्या उभ्या लावायच्या: यू१ ते डब्ल्यू२, व्ही१ ते यू२, डब्ल्यू१ ते व्ही२. बहुतेक मोटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ही आकृती असते. नट घट्ट करताना खालचा नट पान्याने धरून वरचा फिरवा, नाहीतर स्टड फिरतो आणि आतली लीड तुटते.

बॉक्समधून तीनच तारा बाहेर आल्या असतील तर स्टार पॉइंट वाइंडिंगच्या आत बांधलेला आहे. वाइंडरकडून तो सोडवून आणखी तीन लीड बाहेर काढून घ्याव्या लागतात. मोटर कधी रिवाइंड झाली असेल तर नेमप्लेटवर पूर्ण विश्वास ठेवू नका, कारण तारेची जाडी आणि टर्न बदललेले असू शकतात. अशा मोटरला बिनलोडवर २३० व्होल्ट डेल्टा देऊन करंट मोजा. तो डेल्टाच्या रेटेड करंटच्या ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावा. त्याहून खूपच जास्त निघाला तर वाइंडिंग वेगळी आहे.

मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासणी याच वेळी करा, ड्राइव्ह जोडण्याआधी. ५०० व्होल्ट मेगर, वाइंडिंग ते बॉडी. १ मेगाओमपेक्षा कमी आले तर मोटर वाळवून पुन्हा मोजा. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर अजिबात लावायचा नाही, त्याचे ५०० व्होल्ट आयजीबीटी आणि कंट्रोल कार्ड खाऊन टाकतात.

ड्राइव्ह किती मोठा घ्यायचा

अश्वशक्ती पाहून नाही, करंट पाहून. दोन अश्वशक्तीच्या मोटरच्या नेमप्लेटवर स्टारमध्ये ३.४ अँपिअर लिहिले आहे असे धरू. डेल्टात २३० व्होल्टवर तोच करंट १.७३ पट होतो, म्हणजे ५.९ अँपिअर. १.५ किलोवॅट, २३० व्होल्ट वर्गातल्या ड्राइव्हचा आउटपुट करंट साधारण ७ ते ७.५ अँपिअर असतो. लेथ, ड्रिल, पंप यांना तो पुरतो. कडबाकुट्टी, कांडप, पिस्टन कंप्रेसर यांना सुरू होताना आणि मधूनमधून झटके बसतात, त्यांना एक पायरी वरचा, म्हणजे २.२ किलोवॅटचा घ्या. ड्राइव्हच्या लेबलवर इनपुट 'सिंगल फेज २००-२४० व्होल्ट' आहे का ते पाहा. थ्री फेज २३० व्होल्ट इनपुटचा ड्राइव्ह सिंगल फेजवर चालवायचा असेल तर क्षमता निम्मी धरावी लागते, शिवाय 'इनपुट फेज लॉस'चा ट्रिप बंद करता आला पाहिजे.

आता लाइनच्या बाजूचा करंट. इथे अनेकांची गफलत होते. मोटर ५.९ अँपिअर घेते म्हणून लाइनही तेवढेच घेईल असे वाटते, पण १.५ किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण लोडवर सिंगल फेजमधून १३-१४ अँपिअर ओढतो. एक तर तीन तारांमधली शक्ती एका तारेतून यायची असते. दुसरे म्हणजे कपॅसिटर फक्त लाटेच्या शिखराजवळ भरतो, म्हणून १० मिलिसेकंदांतले जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद करंट वाहतो आणि तेवढ्यात तो ३५-४० अँपिअरपर्यंत उसळतो. बस शिखरावर भरतो आणि तार नेमकी शिखरावरच सर्वांत जास्त व्होल्टेज खाते. मीटरपासून शेडपर्यंत ३० मीटर अंतर असेल तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत शिखरावर १७-१८ व्होल्ट पडतात, ४ चौरसच्या तारेत ११ च्या आसपास. म्हणून दोन अश्वशक्तीला ४ चौरस मिलिमीटर तार आणि २० अँपिअरचा सी कर्व्हचा डबल पोल एमसीबी घाला. शक्य असेल तर इनपुटला ३ ते ५ टक्क्यांचा एसी चोक (लोखंडी गाभ्यावरचे तारेचे वेटोळे) लावा. शिखर बोथट होते, तार कमी तापते आणि मोटर चालताना घरातले एलईडी लुकलुकणे कमी होते.

हा करंट मोजायला ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरच हवा. साधा क्लॅम्प मीटर अशा टोकदार करंटला बराच कमी दाखवतो आणि तार का तापते ते कळत नाही.

जोडणी

ड्राइव्ह भिंतीवर उभा बसवा. वर-खाली किमान १० सेंटिमीटर मोकळे सोडा, कारण हीटसिंकमधून हवा खालून वर जाते. बहुतेक ड्राइव्हचे रेटिंग ४० अंश तापमानाला दिलेले असते. अकोला-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त सहज होते. तिथे एक पायरी वरचा ड्राइव्ह घ्या किंवा तो घराच्या बाजूच्या थंड भिंतीवर लावून लांब मोटर केबल टाका. पीठ, लाकडाचा भुसा, लोखंडाचा चुरा उडत असेल तर ड्राइव्ह पत्र्याच्या बॉक्समध्ये ठेवा, बॉक्सला फिल्टर लावलेला पंखा द्या आणि केबल ग्लँडमधूनच आत आणा. उघडे भोक ठेवले की ऊब शोधत पाल आत शिरते आणि दोन टर्मिनलवर आडवी होते. मुंग्याही रिलेत जातात. जळून आलेल्या ड्राइव्हमध्ये हे नेहमी दिसते.

पॉवरच्या तारा अशा जोडा:

१. फेज आणि न्यूट्रल ड्राइव्हच्या इनपुट टर्मिनलवर. त्यांना आर, एस किंवा एल१, एल२ अशी नावे असतात. कोणत्या दोन ते मॅन्युअलमध्ये पाहा, तीन टर्मिनल असतील तर सिंगल फेजला ठरावीक दोनच वापरायची असतात.

२. मोटरच्या तीन तारा यू, व्ही, डब्ल्यू वर.

३. अर्थ: मोटरच्या बॉडीची तार ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलवर आणि तिथून जाड तार अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत. न्यूट्रलला अर्थ समजून जोडू नका. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा लीकेज करंट नेहमीच अर्थकडे जातो. अर्थ तुटलेला असेल तर मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.

लाइनची वीज यू, व्ही, डब्ल्यू वर दिली की ड्राइव्ह त्याच क्षणी संपतो. ही चूक घाईत होते, म्हणून इनपुट आणि आउटपुटच्या तारांना वेगळे रंग आणि खूण ठेवा.

मोटर थेट लाइनवर टाकणारा जुना डीओएल स्टार्टर काढून टाका. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कॉन्टॅक्टर, स्विच किंवा कपॅसिटर काही ठेवू नका. चालू मोटर मध्येच तोडली की वाइंडिंगमधली ऊर्जा आयजीबीटीवर उसळते. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर आउटपुटला राहिला तर प्रत्येक पल्सला तो शॉर्टसारखा वागतो आणि ड्राइव्ह ओव्हरकरंटला ट्रिप होतो. एमसीबी चालू-बंद करून मोटर चालवायची सवयही मोडा. दर वेळी तो भरणीचा रेझिस्टर तापतो आणि मिनिटाला दोन-तीनदा असे केले तर जळतो.

चालू-बंदसाठी कंट्रोल टर्मिनलवर साधा स्विच जोडायचा. वेगासाठी ५ किंवा १० किलोओमचा पोटेन्शिओमीटर: एक टोक १० व्होल्टला, दुसरे ग्राउंडला, मधले ॲनालॉग इनपुटला. या तारा शील्डेड घ्या, शील्ड फक्त ड्राइव्हच्या बाजूला अर्थ करा आणि मोटर केबलपासून २०-३० सेंटिमीटर लांब ठेवा. एकाच पाइपमधून नेल्या तर वेग आपोआप वर-खाली होतो. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण ड्राइव्हच्या इनपुटवरच्या कॉन्टॅक्टरला जोडा, म्हणजे ड्राइव्ह अडकला तरी वीज तुटेल.

साधा एसी टाइपचा आरसीसीबी (लीकेज झाल्यास वीज तोडणारा स्विच) ड्राइव्हवर विनाकारण पडतो किंवा खऱ्या लीकेजला आंधळा होतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या टाइपचाच लावा. आरसीसीबी पडतो म्हणून काढून टाकणे हा उपाय नाही, विशेषतः ओल्या शेडमध्ये. विजा पडतात त्या भागात इनपुटला टाइप २ सर्ज प्रोटेक्टरही लावा.

सेटिंग

प्रत्येक कंपनीचे पॅरामीटर क्रमांक वेगळे, पण भरायच्या गोष्टी त्याच. मोटरचे व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५०, करंट ५.९ (डेल्टाचा, नेमप्लेटवरचा ३.४ नाही), वेग १,४४०. करंट चुकीचा भरला तर ओव्हरलोडचे संरक्षण एक तर विनाकारण बंद पाडते किंवा मोटर जळेपर्यंत गप्प बसते. व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीचे गुणोत्तर २३० भागिले ५०, म्हणजे हर्ट्झला ४.६ व्होल्ट. मोटरमधले चुंबकत्व या गुणोत्तरावर टिकते.

ॲक्सिलरेशन, म्हणजे पूर्ण वेग गाठायला दिलेला वेळ, १० सेकंद. कडबाकुट्टीच्या चाकाला १५. थांबण्याची पद्धत जड चाक असेल तर 'कोस्ट', म्हणजे मोटर मोकळी सोडून आपोआप थांबू द्यायची. टॉर्क बूस्ट (कमी वेगात दिलेले जादा व्होल्टेज) २-३ टक्क्यांपासून सुरू करा, जास्त ठेवला तर कमी वेगात मोटर तापते. करिअर फ्रिक्वेन्सी ४ ते ५ किलोहर्ट्झ. वाढवली की मोटरची शिट्टी कमी होते, पण आयजीबीटी जास्त तापतात.

एक सेटिंग जिवाशी संबंधित आहे. वीज जाऊन परत आल्यावर आपोआप सुरू होणे बंद ठेवा. कडबाकुट्टीत अडकलेला कडबा कोणी हाताने ओढत असताना वीज परत आली तर काय होईल ते सांगायला नको. स्विच चालू स्थितीत राहिला असला तरी वीज आल्यावर मोटर फिरू नये, अशी सोय जवळपास सगळ्या ड्राइव्हमध्ये असते. ती तपासून घ्या: मोटर चालू असताना एमसीबी पाडा, ड्राइव्हचा डिस्प्ले पूर्ण विझू द्या आणि पुन्हा चालू करा.

लेथला उलट दिशा देताना चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो का ते पाहा. बसत असेल तर झटपट ब्रेक किंवा उलट फिरवणे टाळा, चक सुटून उडतो.

पहिल्यांदा पट्टा काढून चालवा. ५ हर्ट्झवर दिशा पाहा. उलटी असेल तर यू, व्ही, डब्ल्यू पैकी कोणत्याही दोन तारा बदला. इनपुटच्या तारा बदलून काही होत नाही, कारण मध्ये डीसी आहे. मग २५, मग ५०. तिन्ही तारांतला करंट जवळपास सारखा हवा. एका तारेत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पट्ट्या किंवा वाइंडिंग तपासा. आउटपुटचे व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजू नका, पल्समुळे तो भलताच आकडा दाखवतो. डिस्प्लेवरचा आकडा धरा.

ट्रिप झाला तर

ओव्हरव्होल्टेज बहुतेक वेळा थांबताना येतो. जड चाक मोटरला जनरेटर बनवते, ऊर्जा उलट बसमध्ये येते आणि बस ४०० व्होल्टच्या आसपास गेला की ड्राइव्ह आउटपुट सोडतो. थांबण्याचा वेळ वाढवा किंवा कोस्ट करा. लवकर थांबवणे गरजेचे असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर लावा, पण ड्राइव्हमध्ये ब्रेकिंग ट्रान्झिस्टर असेल तरच.

ओव्हरकरंट सुरू होतानाच आला तर ॲक्सिलरेशनचा वेळ फार कमी किंवा बूस्ट फार जास्त असतो, नाहीतर पुली जाम असते. मोटरच्या तारा सोडूनही तोच ट्रिप आला तर आयजीबीटी गेला. चालता चालता आला तर मोटर केबल कुठे घासली आहे का पाहा.

खेड्यात सगळ्यांत जास्त येतो तो अंडरव्होल्टेज आणि त्याच्या आधीची दुबळी मोटर. संध्याकाळी लाइनला १८० व्होल्ट असतात. तेव्हा बस २५५ व्होल्टवर येतो आणि ५० हर्ट्झला मोटरला १८० च मिळतात. जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे साठ टक्के उरतो. मोटर घसरते, करंट वाढतो आणि ओव्हरलोड येतो. अशा वेळी वेग ३९ हर्ट्झवर आणा. १८० भागिले ३९ म्हणजे पुन्हा ४.६. मोटर हळू फिरेल, पण पूर्ण जोर लावेल आणि थंड राहील. कंडेन्सरवरच्या मोटरला हे करता येत नाही.

ओव्हरहीट आला तर आधी हीटसिंक आणि पंखा. पीठ आणि ओलावा मिळून हीटसिंकमध्ये लगदा बसतो. तो ब्लोअरने निघत नाही, ड्राइव्ह उतरवून सुक्या ब्रशने काढावा लागतो.

ड्राइव्ह उघडण्याआधी वीज बंद करून किमान दहा मिनिटे थांबा आणि पी व एन (डीसी बसच्या) टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असे नाही.

वेग कमी करताना

मोटरचा पंखा शाफ्टवरच असतो. वीस-पंचवीस हर्ट्झच्या खाली पूर्ण लोडवर सतत चालवली तर हवा पुरत नाही. लेथवर थोडा वेळ चालेल, कांडपाला नाही. ५० च्या वर नेली तर व्होल्टेज वाढत नाही, म्हणून जोर घटतो. ६० हर्ट्झपर्यंत ड्रिलला ठीक आहे. जुन्या गिरणीच्या दगडाला अजिबात नको, दगडाचा वेग ठरलेला असतो.

पंपाचे गणित वेगळे. सेंट्रिफ्युगल पंपात पाणी वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गात आणि ताकद घनात घटते. ४० हर्ट्झवर ताकद निम्मी लागते असे जे सांगतात ते इथून येते. पण विहिरीला हे सरसकट लागू नाही. पंपाचा बंद व्हॉल्व्हवरचा हेड (पाणी चढवण्याची कमाल उंची) ५० हर्ट्झला ४५ मीटर आहे आणि पाणी ३० मीटर वर चढवायचे आहे असे समजा. ४० हर्ट्झवर ४५ चे ६४ टक्के, म्हणजे २८.८ मीटर उरतात. पंप फिरत राहील, वीज खाईल, पाणी मात्र पाइपच्या तोंडाशी येणार नाही आणि आतले पाणी तापेल. बोअरवेलचा सबमर्सिबल ३० हर्ट्झच्या खाली चालवू नका, त्याच्या थ्रस्ट बेअरिंगला पाण्याचा थर वेगामुळेच मिळतो. बोअरची केबल लांब असते, म्हणून आउटपुटला चोक लावा. लांब केबलच्या टोकाला प्रत्येक पल्स परावर्तित होऊन जवळपास दुप्पट होतो, ३२५ चे ६५० पर्यंत. ४१५ व्होल्टच्या चांगल्या इन्सुलेशनला ते सोसते, जुन्या रिवाइंड मोटरला नाही.

पाच अश्वशक्ती आणि महावितरणचे मीटर

पाच अश्वशक्तीची मोटर सिंगल फेजवर चालवायची म्हणजे ३० अँपिअरच्या घरात करंट. त्यासाठी २३० व्होल्ट घेऊन बस वर चढवणारे 'बूस्ट' ड्राइव्ह मिळतात. ते खोटे नाहीत, पण चढवलेल्या प्रत्येक व्होल्टची किंमत इनपुट करंटमध्ये द्यावी लागते आणि घरगुती जोडणी, सर्व्हिस वायर, मीटर यांतले काहीच त्यासाठी नसते. या मापाला थ्री फेज जोडणी घेणेच योग्य.

लहान मोटरलाही मंजूर लोड पाहा. दोन अश्वशक्तीचा ड्राइव्ह म्हणजे दोन किलोवॅटच्या आसपास भर. घरगुती मीटरवरून व्यवसाय चालवणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. शेतीच्या फीडरवर सिंगल फेजिंग (एकाच फेजचा पुरवठा) असताना पंप चालवू नका, ड्राइव्हवरही नाही. सगळ्या शिवाराचा भार एकाच फेजवर येतो आणि ट्रान्सफॉर्मर जळाला की सगळ्यांचेच पाणी थांबते.

देखभाल

दर सहा महिन्यांनी वीज तोडून, दहा मिनिटे थांबून, सगळे स्क्रू घट्ट करा. तारेला थिंबल मारलेले असावे, उघड्या बारीक तारा ढिल्या पडतात आणि टर्मिनल काळे होते. ड्राइव्हचा पंखा आवाज करू लागला की बदला. पंखा थांबला तर आधी कपॅसिटर सुकतात आणि मग भारावर अंडरव्होल्टेज येऊ लागतो, लाइनला २३० असतानाही. कपॅसिटरचे डोके फुगलेले दिसले की वाट पाहू नका.

वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेल्या ड्राइव्हला थेट २३० व्होल्ट देऊ नका. कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या, मोटर सोडून ठेवा, आणि ६०, १२०, १८०, २३० व्होल्ट अशा पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर अर्धा तास देत, चढवत न्या.